तरवडीसारख्या खेड्यातून ५७ वर्षं पेपर चालवणारे मुकुंदराव पाटील

नेवासा : आज गावातली बातमी मिनिटात मोबाईलवर येते. पण शंभर वर्षांपूर्वी पेपर निघायचे ते शहरात, अन् खेड्यातली गाऱ्हाणी त्यात क्वचितच यायची. अशा काळात मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक थेट खेड्यातून काढलं.

घरातूनच वारसा
मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. वडील कृष्णराव भालेकर हे महात्मा फुले यांचे सहकारी. त्यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' हे शेतकरी-कष्टकऱ्यांचं पत्र सुरू केलं होतं. मुकुंदराव दत्तक गेले, त्यामुळे आडनाव पाटील झालं. १९१० मध्ये त्यांनी सोमठाणे इथून 'दीनमित्र' सुरू केलं. नंतर ते नेवासा तालुक्यातल्या तरवडीला आलं आणि शेवटपर्यंत तिथूनच निघालं.

कुलकर्ण्याच्या दप्तरावर बोट
त्या वेळी गावचा हिशेब वंशपरंपरेने कुलकर्ण्याकडे असायचा. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती, भरला की थकला, सगळं त्याच्या दप्तरात. बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दप्तरात काय लिहिलंय हे कळायला मार्ग नाही, मग चुकीची नोंद झाली तरी दाद मागायची कशी? ही नाडवणूक मुकुंदरावांनी १९१३ च्या 'कुलकर्णी लीलामृत' या काव्यात मांडली. पोथीच्या चालीवर लिहिलेलं असल्याने ते साध्या माणसालाही समजायचं. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं रद्द झाली.

सावकारी, अंधश्रद्धा, जातिभेद, शिक्षणाची आबाळ यावरही ते लिहीत राहिले. ते सत्यशोधक चळवळीतले होते. 'होळीची पोळी', 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबऱ्याही त्यांच्याच. टीका कडक, पण भाषा खेड्यातली अन् चिमटे काढणारी.

पेपर कसा टिकला?
खेड्यात वाचणारे कमी अन् जाहिराती तर नावालाच. तरीही १९६७ मध्ये मुकुंदरावांचं निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षं, 'दीनमित्र' चाललं. ग्रामीण पत्रकारितेचा पाया घालणारं पत्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तरवडीत आज त्यांचं स्मारक आहे.

आता सातबारा मोबाईलवर दिसतो. पण तो उघडून आपलं नाव, क्षेत्र, पीक अन् बोजा नीट लागलाय का, हे किती जण बघतात? आपल्याबद्दल कागदावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता आलं पाहिजे, यासाठीच तर मुकुंदरावांनी आयुष्यभर लेखणी झिजवली.