तिघांचा गळा एक

सकाळी ७.३०
मे महिन्यात अकोल्यात आमचं होम थिएटर जुळवण्याचं काम दोन तुकड्यांत होतं: ऊन चढायच्या आत आणि ऊन कलल्यावर. मोर्णेवरचा दगडी पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो, तेव्हा राजराजेश्वराच्या दर्शनाला निघालेल्यांची वर्दळ सुरू झाली होती. खांद्यावरच्या पिशवीत मल्टिमीटर, टेप, स्पीकरची वायर आणि दीड व्होल्टचा सेल. जयहिंद चौकापलीकडच्या एका घरातून फोन आला होता, "सेंटर लावला तेव्हापासून पिक्चरचं बोलणं समजत नाही, दादा."

सकाळी ८.००
घर जुनं, भिंती चांगल्या जाड. बैठक आणि माजघर एक करून लांबट हॉल केलेला. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकाच जोडीतले बुकशेल्फ स्पीकर, आणि टीव्हीखाली कुणीतरी भेट दिलेला, दुसऱ्याच कंपनीचा आडवा सेंटर, म्हणजे मधला स्पीकर. कोण कुठे बसतं, हे मी आधी विचारतो. बाकीचे समोरच्या सोफ्यावर, आजी डाव्या भिंतीलगतच्या दिवाणावर. आजी म्हणाल्या, "बंदुकीचा आवाज येते भाऊ, बोलणं काई समजत नाई मले." घरच्यांना वाटत होतं, वयाने कान गेले. मी दिवाणावर बसून सिनेमा ऐकला. मलाही अर्धी वाक्यं कळली नाहीत.

सकाळी ८.४५
आधी वायरी. सेलची दोन टोकं स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवली की वूफरचा पडदा हलतो. प्लसला प्लस असेल तर तो पुढे येतो, वायर उलटी असेल तर मागे जातो. सेंटर उलटा जोडलेला असला, तर बाजूच्या स्पीकरशी त्याचं जमत नाही आणि आवाज पोकळ होतो. इथे तिन्ही पडदे पुढे आले. जोडणीत दोष नव्हता.

सकाळी ९.१५
मग तिन्ही स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरचा टेस्ट टोन. हा एकसंध खळखळाट डावीकडून, मधून, उजवीकडून आळीपाळीने येतो. सोफ्यावर आवाजाचा मीटर धरून तिघांना ७५ डेसिबलवर आणलं. आता डोळे मिटून ऐकायचं. डावा आणि उजवा पत्र्यावर पडणाऱ्या एकाच पावसासारखे. मधला मात्र कोरडा, नाकातून बोलल्यासारखा. आकडा तिघांचा सारखा, पोत वेगळा. गिऱ्हाइकांचा गोंधळ होतो तो इथेच. एक वॉटला कोणता स्पीकर ८७ डेसिबल देतो आणि कोणता ९०, हा फरक रिसीव्हर मिनिटात भरून काढतो. बारीक सूर वाजवणाऱ्या ट्वीटरचा स्वभाव, जाड सूर वाजवणाऱ्या वूफरची जात, दोघांमध्ये काम वाटून देणारा क्रॉसओव्हर, यांतून तयार होणारा आवाजाचा रंग मात्र लेव्हल वाढवून बदलत नाही. रिसीव्हरचा माइक लावून केलेली सुधारणाही त्याला थोडीशीच वळवते. पडद्यावरचा माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला, की मध्ये त्याचा गळाच बदलतो.

सकाळी १०.००
टेस्ट टोन फक्त सेंटरवर ठेवून मी सोफ्यापासून दिवाणापर्यंत हळूहळू चालत गेलो. वाटेत आवाज पोकळ झाला. बहुतेक आडव्या सेंटरमध्ये ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना एकेक वूफर असतो आणि दोन्ही तेच वाजवतात. इथे त्यांच्या मध्यांत ३० सेंटीमीटर अंतर होतं. दिवाण समोरच्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर, म्हणजे एका वूफरचा आवाज आजींपर्यंत दुसऱ्यापेक्षा १५ सेंटीमीटर जास्त चालून पोचतो. या गरम हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ११५० हर्ट्झच्या आसपास हे १५ सेंटीमीटर बरोबर अर्धी लहर भरतात. एक वूफर हवा ढकलतो तेव्हा दुसऱ्याची लहर ओढते, आणि तिथला आवाज खचतो. माणसाचं बोलणं ओळखू येण्याच्या पट्ट्यातच हा खड्डा. सोफ्यावर दोन्ही लहरी एकदम पोचतात, म्हणून तिथे बसून ऐकणाऱ्याला तो कळतच नाही.

खात्री करायला मी तोच सेंटर स्टुलावर उभा केला आणि पुन्हा दिवाणाकडे चाललो. खड्डा नाहीसा झाला. नाकातला रंग तसाच राहिला, कारण तो स्पीकर मुळातच वेगळ्या जातीचा. आजींना म्हटलं, "तुमचे कान चांगले आहेत, आजी. स्पीकर चुकीचा आहे."

दुपारी १२.३०
पारा चढला. भाकरी, ठेचा, कांदा आणि वर पन्हं. उन्हाच्या या रिकाम्या वेळात घरातला कॉलेजचा मुलगा विचारू लागला, की मुळात मधला स्पीकर हवाच कशाला? दोन सारखे स्पीकर ऐकणाऱ्याला बरोबर मधोमध आवाज भासवतात, पण तो मधोमध बसलेल्यालाच. बाजूला सरकलं की तो जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजच्या हार्वे फ्लेचर यांनी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा स्वतंत्र वाहिन्या तीन होत्या: डावी, मधली, उजवी. सभागृहातले सगळे काही मधोमध बसत नाहीत, हे त्यामागचं कारण. थिएटरात आजही बारीक छिद्रांच्या पडद्यामागे हे तिघं सारखेच असतात. घरात टीव्ही आडवा येतो आणि त्याच्यातून आवाज जात नाही, म्हणून कंपन्यांनी सेंटर आडवा झोपवला. ती सोय टीव्हीची आहे, आवाजाची नाही.

एकटाच माणूस मधोमध बसून बघणार असेल, तर विजोड सेंटरपेक्षा सेंटर नसलेला बरा, हे मी निःशंक सांगतो. या घरात पाच-सहा माणसं पसरून बसतात. इथे सेंटर हवाच, आणि तो बाजूच्या स्पीकरच्याच घराण्यातला हवा.

दुपारी ४.३०
बाजूच्या स्पीकरच्याच मॉडेलची जोडी मिळाली. हे स्पीकर जोडीनेच विकतात. एक मध्ये बसेल, दुसरा पुढे मागच्या बाजूला कामी येईल. सुतार बोलावून टीव्ही वीतभर वर घेतला आणि त्याखाली स्पीकर उभाच ठेवला. तोंड फळीच्या कडेशी आणलं, नाहीतर फळीवर आपटून आवाज घुमतो. कपाटाच्या बंद खणात सेंटर कोंबणं त्याहून वाईट. खाली रबराची पाचर घालून ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवला. डाव्या-उजव्याची तोंडंही त्याच उंचीवर आणली.

सायंकाळी ६.००
रिसीव्हरमध्ये तिघांनाही स्मॉल करून ८० हर्ट्झची एकच मर्यादा दिली. त्याखालचा घुमार घरातल्या सबवूफरने सांभाळायचा. अंतरं टेपने मोजून भरली. फूटभर चुकलं तर आवाज सुमारे एक मिलिसेकंद मागेपुढे होतो. फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा ओढला. टेस्ट टोन पुन्हा फिरवला. आता पाऊस तिन्हीकडे एकच.

सायंकाळी ७.३०
वऱ्हाडातली खरी परीक्षा कूलर सुरू झाल्यावर. त्याच्या घोंघाटात स, च, त यांसारखे बारीक उच्चार आधी बुडतात. मग घरचे आवाज वाढवतात, आणि पुढच्याच मारामारीत कान फुटतात. कूलर टीव्हीजवळच्या खिडकीतून मागच्या खिडकीत हलवला, वेग कमी केला आणि सेंटर दोन डेसिबल चढवला. पोत जुळलेला असला तरच ही युक्ती चालते. विजोड सेंटर चढवला की विजोडपणाच मोठ्याने ऐकू येतो. आजी दिवाणावरून अख्खा प्रसंग ऐकत होत्या आणि मध्येच नातवाला सांगत होत्या, कोण काय म्हणालं ते.

रात्री ८.३०
सगळे आकडे कागदावर लिहून रिसीव्हरच्या झाकणाखाली चिकटवले. निघताना त्या मुलाला जे सांगितलं, तेच सगळ्यांना सांगतो. होम थिएटर घेताना पैसे कमी असले तर मागचे स्पीकर नंतर घ्या, सबवूफर नंतर घ्या, पण समोरचे तिघं एकाच मालिकेतले आणि एकदम घ्या. आडवाच सेंटर घ्यावा लागला, तर ट्वीटरच्या खाली किंवा वर मधले सूर वाजवणारा वेगळा मिडरेंज असलेला निवडा. आणि दुकानात तो समोर उभं राहून ऐकू नका. घरातलं वडीलधारं माणूस जितकं बाजूला बसतं, तितकं बाजूला सरकून ऐका. तिथून शब्द कळला, तरच तो घरी आणा.