डिसेंबरचा गुलमर्ग आणि पहिला बर्फ

नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जायचं आणि स्कीइंग शिकायचं, हा बेत पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत दिवाळीच्या आधीच ठरतो. तिकिटं निघतात, मुलांना जाड हातमोजे घेतले जातात. बर्फाची चौकशी मात्र कोणी करत नाही. काश्मीर, त्यातून डिसेंबर, मग बर्फ असणारच!

हा सगळ्यात मोठा गैरसमज. गुलमर्गला स्कीइंगसाठी त्यातल्या त्यात भरवशाचा काळ म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा, आणि तोही अलीकडे दगा देऊ लागला आहे. जानेवारी 2024 मध्ये तिथली कुरणं ऐन हंगामात तपकिरी पडली होती. 2025 मध्ये बर्फ कमी पडला म्हणून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जिथे फेब्रुवारीची ही गत, तिथे डिसेंबरची खात्री कोण देणार?

‘थंडी कडाक्याची आहे, म्हणजे बर्फ पडेलच’ असंही पुष्कळजण म्हणतात. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी माणूस ‘चिल्लई कलान’ म्हणतो. वर्षातली सगळ्यात बोचरी थंडी ती. पण नुसत्या थंडीने नळातलं पाणी गोठतं, आभाळातून बर्फ येत नाही. त्याला ओलावा लागतो आणि तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर येतो. ते उत्तरेकडून निघून गेले, तर आपल्याकडे मृग कोरडा जावा तसा हिवाळा कोरडा जातो.

वर बर्फ आहे म्हणजे खालीही असेल, हा समजही फसवा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. गंडोला या रोपवेचा पहिला टप्पा कोंगदूरीला पोचवतो, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे वरचं टोक पायथ्यापेक्षा आठेक अंशांनी थंड असतं. वर हिमवृष्टी आणि खाली पावसाची भुरभुर, असं एकाच दुपारी होऊ शकतं. नवशिक्यांचे सौम्य उतार खाली आहेत. वरचे तीव्र उतार मुरलेल्यांचे. त्यामुळे वरच्या बर्फाचा शिकणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

आता ज्या गैरसमजाची मला खरोखर काळजी वाटते, तो सांगतो: ‘बर्फ थोडाच आहे, म्हणजे धोकाही थोडा.’ ताजा भुसभुशीत बर्फ फूटभर दिसतो, पण चेपल्यावर निम्माही उरत नाही. खालचे दगड, झुडपं, तुटलेले बुंधे त्याने झाकले जातात. पुरले जात नाहीत. स्की अडकते, माणूस पुढे जातो, गुडघा मागे राहतो.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. पातळ थराखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे दहा-पंधरा. एवढ्याशा जाडीत इतका फरक पडला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण मोठे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे होतात. तळातला असा बर्फ मुठीत धरून पाहा: गोळा वळला जात नाही, जाड साखरेसारखा बोटांतून गळतो. पुढे जानेवारीत याच साखरेवर तीन-चार फुटांचा जड थर बसतो आणि उतारावर एका स्कीच्या भारानेही तो सगळा सुटू शकतो. महिनाभरानंतरच्या हिमस्खलनाचं मूळ अनेकदा असं डिसेंबरच्या पातळ थरात असतं.

कृत्रिम बर्फाने भागेल, हेही तितकंसं खरं नाही. यंत्रांना भरपूर पाणी, वीज आणि थंड, कोरडी हवा लागते. हवा दमट असेल तर पारा शून्याच्या बराच खाली जावा लागतो. शिवाय तो बर्फ घट्ट असतो. त्यावर पडलं की चांगलं लागतं.

तेव्हा स्कीइंगच शिकायचं असेल, तर सुट्टी जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत घ्या. ते जमत नसेल, तर पैसे भरण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून एवढंच विचारा: आज नवशिक्यांच्या उतारावर चेपलेला बर्फ किती आहे? उत्तरात अफरवटचा आकडा आला, तर प्रश्न पुन्हा विचारा.