आतले मागचे चाक

ट्रॅकवर एखादे वळण असे असते की गाडी आली त्याच दिशेला परत फिरते. रेसिंग कार्टच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यरेषांमध्ये साधारण 120 सेंटिमीटरचे अंतर असते. अशा अर्धवर्तुळी वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे पावणेचार मीटर जास्त पळावे लागते. वळण ऐसपैस असो की चिंचोळे, हा फरक तेवढाच राहतो. मागच्या टायरचा व्यास 11 इंच, म्हणजे परीघ जेमतेम 88 सेंटिमीटर. याचा हिशेब असा, की त्या एका वळणात बाहेरच्या चाकाच्या चार फेऱ्या जास्त व्हायला हव्यात. रस्त्यावरच्या मोटारीत ही तफावत डिफरन्शियल सांभाळून घेतो. कार्टला तो नसतो. दोन्ही चाके एकाच पोलादी एक्सलवर घट्ट बसवलेली असतात. एक जितके फिरेल तितकेच दुसऱ्यालाही फिरावे लागते.

तरीही कार्ट वळते, आणि भल्याभल्या स्पोर्ट्स कारना जमणार नाही अशा चपळाईने वळते, कारण वळणात शिरताना ती आतले मागचे चाक जमिनीवरून उचलते. काही मिलिमीटर, तेही क्षणभर. तेवढ्या वेळात ती तीन चाकांची गाडी होते. कार्टच्या सेटिंगबद्दल जे काही बोलले जाते, ते सगळे या चाकापाशी येऊन थांबते: ते किती उचलले, किती वेळ हवेत राहिले आणि कधी खाली टेकले. टायर बदलले की या तिन्ही गोष्टी बदलतात. म्हणूनच नवे टायर चढवणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे चौकटीवर करावे लागते.

1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्सने मित्र लू बोरेली याच्या मदतीने पहिली कार्ट बनवली, तेव्हा तिला वेस्ट बेंड कंपनीचे, गवत कापायच्या यंत्राचे इंजिन होते. ताकद जेमतेम अडीच हॉर्सपॉवर. इंगेल्स कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कामाला होता. इंडियानापोलिसच्या शर्यतींसाठी गाड्या घडवणारा हा कारखाना, तेव्हा सस्पेन्शन म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होते. तरी त्याच्या या छोट्या गाडीला स्प्रिंगही नव्हती आणि शॉकअॅब्सॉर्बरही नव्हता. आज कार्ट बनवणारे मोठमोठे कारखाने उत्तर इटलीत, ब्रेशिया आणि मिलान या शहरांच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या गाड्यांनाही सस्पेन्शन नाही. बदलले ते एवढेच की चौकटीच्या नळ्या आता क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात, व्यास बहुधा 28 ते 32 मिलिमीटर, आणि त्या ठरवून लवचीक ठेवलेल्या असतात. ही चौकट पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. तीच गाडीची स्प्रिंग.

चाक उचलण्याची सुरुवात मात्र पुढून होते. पुढची चाके ज्या खुंटांवर फिरतात, ते किंगपिन मागे कललेले असतात. हा कल म्हणजे कॅस्टर. स्टिअरिंग डावीकडे वळवले की डावे पुढचे चाक चौकटीच्या मानाने खाली जाते आणि उजवे वर येते. त्यामुळे चौकटीचा डावा पुढचा कोपरा उचलला जातो, भार त्या चाकावर आणि तिरप्या रेषेतल्या उजव्या मागच्या चाकावर येतो, आणि डावे मागचे चाक मोकळे होते. त्यातच वेगामुळे वजन बाहेर झुकते, ते त्याला आणखी हलके करते. बाहेर किती झुकायचे हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरते. टायर घसरला तर वजन फारसे झुकतच नाही. टायर रस्त्याला चिकटून राहिला तर चौकट मनसोक्त पिळली जाते.

आता कोरे, मऊ टायर चढवा. पहिले एक-दोन लॅप वरची गुळगुळीत कातडी जाण्यात जातात, मग पकड एकदम वाढते. नवख्याला वाटते, आता वेळ कमी लागणार. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. आतले चाक गरजेपेक्षा जास्त उचलले जाते, बाहेरच्या टायरच्या भिंती दबतात आणि सुटतात, आणि वळणाच्या मध्यावर गाडी टणाटण उड्या मारू लागते. याला हॉपिंग म्हणतात. कधी चाक वेळेआधीच खाली टेकते. मग दोन्ही मागचे टायर वेगवेगळ्या अंतराचा हट्ट धरतात आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनचा दम कोंडतो. कान तयार असलेला मेकॅनिक कठड्यापाशी उभा राहून हे नुसत्या आवाजावरून ओळखतो. स्टिअरिंगवरच्या मायक्रॉन या नोंदयंत्रातली आरपीएमची रेषा नंतर तेच दाखवते. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी रुळावरून चालल्यासारखी दिसते, आणि घड्याळात मात्र दोन-तीन दशांश सेकंद हरवलेले असतात. पकड वाढली म्हणजे वेग वाढला, ही समजूत या खेळात सगळ्यांत महाग पडते असे मला वाटते.

उपायांची सुरुवात हवेपासून करावी. मोटारीच्या टायरमध्ये 30-32 पीएसआय हवा भरतात. कार्टच्या टायरमध्ये त्याच्या जातीप्रमाणे साधारण 8 ते 15. इतक्या कमी दाबात अर्ध्या पीएसआयचा फरकही चालकाला कळतो. हवा जास्त भरली की टायर लवकर तापतो. छोट्या पात्रता फेरीत ते उपयोगी पडते. लांब शर्यतीत तोच टायर उत्तरार्धात भलताच तापून घसरू लागतो. गाडी पिटमध्ये आली की मेकॅनिक सुईचा तापमापक रबरात खुपसून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन मापे घेतो. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त झाली. पुढच्या चाकाची एखादी कड जास्त गरम असेल, तर चाकाचा उभा कोन तपासायचा. हे माप गाडी थांबल्या थांबल्या घ्यावे लागते, कारण गप्पा मारीपर्यंत रबर थंड होते.

त्यानंतर चौकट. पकड फार होत असेल तर कॅस्टर कमी करतात, पुढची चाके वॉशर काढून आत घेतात, मागची नियमात बसतील तेवढी, म्हणजे बाहेरून बाहेर 140 सेंटिमीटरपर्यंत, बाहेर सरकवतात. सीटला एक्सलच्या बाजूने जादा आधारकांब्या लावल्या असतील तर एखादी काढून टाकतात. टायर कडक निघाले तर हेच सगळे उलट्या दिशेने. एक्सल मऊ घ्यावा की कडक, यावर मात्र मेकॅनिकांचे एकमत होत नाही. बहुतेक जण जास्त पकडीला मऊ एक्सल घालतात, पण एका कंपनीच्या चौकटीवर जे लागू पडते ते दुसरीवर उलटते. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा, आणि पटला नाही तर पूर्ववत करायचा. आधीच्या टायरवर जमलेले सेटिंग जसेच्या तसे ठेवून नवे टायर दोषी ठरवणारे अनेक जण भेटतात. टायरवर अन्याय होतो तो इथे.

आणि सीट. सस्पेन्शन नसलेल्या गाडीत चालक हाच सगळ्यांत जड सुटा भाग असतो. सीनियर गटात चालकासह गाडीचे वजन 160 किलोच्या आसपास भरते, आणि त्यातला निम्म्याच्या जवळचा भाग माणसाचा. फायबरग्लासची सीट सेंटिमीटरभर वर घेतली तर वजन जास्त झुकते आणि पकड वाढते. खाली बसवली तर घटते. वळणातला सगळा जोर चालकाच्या बरगड्यांतून सीटमध्ये, सीटमधून नळ्यांमध्ये उतरतो. कार्ट चालवणारी मुले बरगड्यांवर संरक्षक पट्टा बांधतात ते यासाठीच. वाढत्या वयाच्या मुलाला वर्षभर त्याच सीटवर, त्याच जागी बसवून ठेवणारे पालक इंजिनवर खर्च करतात तेव्हा वाईट वाटते.

जर्मनीतल्या केर्पेनच्या ट्रॅकची देखभाल फॉर्म्युला वनचा जगज्जेता मिखाएल शूमाखर याचे वडील करत. घरची ओढगस्त. इतरांनी टाकून दिलेल्या टायरांवर आपण शर्यती केल्या, असे शूमाखरने पुढे सांगितले आहे. पकड उरली नसलेल्या रबरावर गाडी वळवायची, तर ते आतले चाक हातांनी आणि अंगाने उचलावे लागते: स्टिअरिंग जरा झटक्याने वळवून, वजन बाहेर टाकून. सेटिंगने जे साधायचे ते त्याने शरीराने साधले असणार. त्याच्या घडणीत याचा मोठा वाटा असावा असे माझे मत आहे.

आपल्याकडे कोल्हापूरला मोहिते यांच्या ट्रॅकवर रोटॅक्स मॅक्स या कार्ट-इंजिनांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्सच्या स्पर्धेत सर्वांना मोजो या एकाच ब्रँडचे टायर वापरावे लागतात, तेव्हा टायर विकत घेऊन पुढे जाण्याची सोय नाही. फरक पडतो तो चौकटीच्या कामाने. सकाळी धुळीने माखलेला डांबरी पट्टा दिवसभराच्या सरावात रबर पिऊन दुपारी चिकट होतो, त्यामुळे सकाळची वही दुपारी जुनी झालेली असते. पाऊस आला तर सगळेच फिरते: पुढची चाके बाहेर, मागची आत, कॅस्टर शक्य तेवढा, कारण आता वजन हलायलाच तयार नसते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्पर्धांसाठी स्वतः गो-कार्ट वेल्डिंग करून बनवतात. त्यांच्या अहवालांत चौकट किती भार सोसते याची रंगीत चित्रे असतात, आणि ती जितकी कडक तितकी उत्तम असे धरलेले असते. तिरप्या नळ्यांनी जखडलेली अशी गाडी वळणात चारही चाके जमिनीला घासत सरळ जाऊ पाहते. त्यांच्यासाठी सांगण्यासारखी एक चाचणी आहे, तिला खर्च येत नाही. सपाट फरशीवर गाडीत चालक बसवावा, स्टिअरिंग पूर्ण वळवावे, आणि आतल्या मागच्या टायरखाली कागद सरकतो का ते पाहावे. सरकला नाही तर आधी कॅस्टर वाढवावा, मग पुढच्या चाकांमधले अंतर. तरीही नाही तर मागची एखादी तिरपी नळी कापून पुन्हा पाहावे.