दवाखाना, खाजगी : गुणवत्ता व सुरक्षितता

रुग्णास दाखल करून न घेता जेथे तपासणी, औषधयोजना व किरकोळ शस्त्रक्रिया केल्या जातात, त्या जागेस दवाखाना म्हणतात. तेथील उपचार योग्य आहेत की नाहीत व त्यांपासून अपाय होण्याचा संभव किती, हे पडताळणे म्हणजे त्याचे मूल्यमापन होय.

मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ हा रुग्ण ठेवून घेणारी शुश्रूषागृहे व प्रसूतिगृहे यांना लागू आहे. २०२१ च्या सुधारित नियमांन्वये तेथे रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. खाट नसलेला दवाखाना मात्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतो आणि केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. परिणामी डॉक्टरची नोंदणी होते. त्याच्या इंजेक्शनच्या खोलीची तपासणी सहसा कोणी करीत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ही उणीव विशेष जाणवते. विल्यम जेम्स वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उघडल्यापासून मिरज हे वैद्यकीय केंद्र म्हणून वाढत गेले. तेथे रुग्णास निवडीला वाव असतो. जत किंवा पाटण तालुक्यांतील आडगावी तो क्वचितच असतो.

पहिली कसोटी नोंदणीची. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. म्हणून फलकावर ‘डॉ.’ असणे पुरेसे नसून पदवी व नोंदणीक्रमांक पाहावे लागतात. पदवीच्या मर्यादेपलीकडचे उपचार होतात काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला व पुढील तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या प्रकरणातील आरोपी डॉक्टर होमिओपॅथीचा पदवीधर होता.

दुसरी कसोटी निर्जंतुकीकरणाची असून रुग्णाचा जीव बव्हंशी तीवर अवलंबून असतो. उपकरणे नुसती उकळल्याने धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंची बीजुके नष्ट होतातच असे नाही. त्यासाठी दाबपात्रात १२१° से. तापमानाच्या वाफेत ती सु. १५ ते २० मिनिटे ठेवावी लागतात. आत हवा अडकून राहिल्यास दाबमापक योग्य आकडा दाखवीत असतानाही तापमान कमी राहते. म्हणून रंग बदलणारी दर्शक पट्टी वापरतात. पिचकारी व सुई रुग्णासमोर वेष्टनातून काढली पाहिजे. केवळ सुई बदलून तीच पिचकारी वापरणे हेही तितकेच घातक होय. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे ब प्रकारच्या यकृतशोथाची साथ आली, तिचा संबंध पिचकाऱ्यांच्या पुनर्वापराशी जोडण्यात आला. इंजेक्शनचा आग्रह पुष्कळदा रुग्णच धरतात, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम खाट नसलेल्या दवाखान्यांनाही लागू आहेत. त्यांनुसार सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक व न टोचल्या जाणाऱ्या पात्रात टाकावयाच्या असतात. हे पात्र टेबलाजवळ आहे की नाही, हे रुग्णास बसल्या जागेवरून दिसते.