जीपीएस नाही, रेडिओ बंद! तरी मुंबईच्या 'सुहैली'ने जगाला फेरी कशी मारली?

मॅपवरचा निळा ठिपका गायब झाला की आपण दोन गल्ल्यांतही गोंधळतो. पण 1968 साली एक माणूस 32 फुटी लाकडी बोटीतून एकटाच, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायला निघाला. आणि ती बोट बनली होती आपल्या मुंबईत! चला, हे कसं जमलं ते बघूया.

बोट कोणती?
नाव 'सुहैली', म्हणजे अरबी खलाशांच्या बोलीतला एक वारा. सागवानाची ही शिडाची बोट मुंबईच्या कारागिरांनी हाताच्या हत्यारांनी घडवली. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश खलाशी तिच्यातून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीसाठी 14 जून 1968 रोजी इंग्लंडहून निघाला आणि 312 दिवसांनी परतला. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच!

मग लोकेशन कसं कळायचं?
सेक्स्टंट आणि अचूक घड्याळ वापरून. सेक्स्टंटने सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायचं. दुपारच्या उंचीवरून अक्षांश मिळतो. रेखांशासाठी ग्रीनिचची वेळ लागते, कारण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. घड्याळ 4 सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर लोकेशन जवळजवळ 1.85 किलोमीटरने चुकतं.

गंमत म्हणजे तुमच्या फोनचं जीपीएसही वेळेवरच चालतं. तिथे एक मायक्रोसेकंद चुकला, तर अंतर 300 मीटरने चुकतं!

बिघाड झाला तर?
बिघाड बरेच झाले. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं, तेव्हा त्याने समुद्रात उतरून पाण्याखाली सांध्यात कापूस ठासला. आपोआप दिशा राखणारी यंत्रणा मोडली, तर शिडं अशी बांधली की बोट आपली आपण सरळ जाईल. फक्त रेडिओ काही सुरू झाला नाही. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून जास्त काळ तो जिवंत आहे की नाही, हेच घरच्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे जुनं तेच चांगलं?
तसंही नाही. 2018 मध्ये जुन्या पद्धतीने हीच शर्यत पुन्हा झाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून निघाले. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना हलताही येईना. त्या वेळी आणीबाणीसाठी दिलेल्या सॅटेलाइट यंत्रांवरून त्यांचा ठावठिकाणा कळला आणि तीन दिवसांत मदत पोहोचली.

थोडक्यात, सॅटेलाइट जीव वाचवतो, पण मदत येईपर्यंत हातातलं कौशल्यच कामाला येतं. पुढच्या ट्रेकला जाताना ऑफलाइन मॅप डाउनलोड कराच, पण सोबत कागदी नकाशा घ्या आणि तो वाचायलाही शिका. बॅटरी संपली तरी तो बंद पडत नाही!