कंपवात : केवळ हातांचा नव्हे, मेंदूतील वाटांचा आजार

कंपवात म्हणजेच पार्किन्सन्स म्हटले की थरथरणारा हात आपल्या डोळ्यांसमोर येतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिले, तेव्हा त्यांनीही रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असेच नमूद केले होते. आज आपल्याला माहीत आहे की, पुष्कळ रुग्णांच्या विचारशक्तीवरही या आजाराचा परिणाम होतो. घरातील माणसे मात्र त्याला आळस, हट्ट किंवा म्हातारचळ म्हणतात. कोणी मागील जन्मीचे भोगही म्हणतात. १९५६ साली धम्मदीक्षा घेऊन ज्या समाजाने असल्या कल्पना सोडल्या, त्याने तरी यामागील खरे कारण समजून घेतले पाहिजे.

मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात. कंपवातात त्या हळूहळू मरतात. त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरते, हात थरथरतो, अक्षर आणि सही बारीक होत जाते.

परंतु मेंदूचा कोणताही भाग एकटा काम करीत नाही. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने घडते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण विहारात ऐकतो. मेंदूचे कामही असेच परस्परावलंबी आहे. फंक्शनल एम.आर.आय. या तपासणीत माणूस स्वस्थ पडलेला असताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रक्तातील प्राणवायूचे चढउतार मोजतात. जे भाग एका तालात चढतात-उतरतात, ते परस्परांशी जोडलेले आहेत असे मानतात. ज्या रुग्णांची विचारशक्ती मंदावली आहे, त्यांच्यात लक्ष देणे, आखणी करणे, आठवणे यांसाठी लागणाऱ्या भागांमधील हा ताल अनेक अभ्यासांत बिघडलेला आढळला. मात्र रोगाचे निदान अजूनही मुख्यतः डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीवरूनच होते.

आपल्या कासारसाई धरणाचे उदाहरण घ्या. धरणात पाणी आहे, पण पाट फुटला तर शेत कोरडेच राहते. कंपवाताच्या रुग्णाचे विसरणे पुष्कळदा असेच असते. आठवण मनात असते, पण वेळेवर वर येत नाही. थोडा दुवा दिला की आठवते. बँकेची स्लिप भरणे, चार कामांचा क्रम लावणे, अशा गोष्टी मात्र जड जातात.

एक वाट बंद झाली तरी दुसरी वापरता येते, याचे सुंदर उदाहरण पुण्याचेच आहे. मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीच्या काकांना हा आजार होता. त्यांना सपाट जमिनीवर चालणे अवघड जाई, पण जिना ते सहज उतरत. हे पाहून तिने जमिनीवर अंथरण्यासाठी पायऱ्यांचा भास होईल असे चित्र तयार केले आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ मधील एका भाषणात तिने ही हकिकत सांगितली. सपाट जागी आपण न विचार करता चालतो. ती आपोआप चालणारी यंत्रणाच या आजारात बिघडते. पायरी दिसली की डोळे आणि लक्ष मदतीला येतात, असे शास्त्रज्ञ मानतात. पण मग चालणे हेच लक्षपूर्वक करायचे काम होते. म्हणून चालताना कोणी बोलत राहिले की रुग्णाचा पाय अडखळतो.

यावरून घरच्यांनी काय शिकावे? एका वेळी एकच गोष्ट सांगावी. उत्तराला वेळ द्यावा. चालताना प्रश्न विचारू नयेत. औषधे ठरल्या वेळी द्यावीत, मनाने बंद करू नयेत. गोळीने चालणे सुधारले तरी विचारशक्ती तेवढी सुधारेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. रुग्ण अचानक गोंधळला किंवा त्याला भास होऊ लागले, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. रुग्ण व नातेवाईकांसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळही आहे.

आजारी पडलेल्या एका भिक्खूकडे कोणीच पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला स्नान घातले, अशी कथा विनयपिटकात आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी आजोबांच्या वाटेत खडूने चार आडव्या रेघा मारून पाहाव्यात आणि पहिल्या वेळी त्यांचा हात धरावा. प्रज्ञा आणि करुणा यांची सांगड घालायला आपले घर हीच पहिली जागा आहे.