धूम्रपानाचा त्याग : द्विधा मन आणि सोबत्यांचे साहाय्य

उत्तर भारतातील खेड्यांत एखाद्या कुटुंबास पंचायतीने वाळीत टाकले म्हणजे त्याचे ‘हुक्का-पाणी बंद’ केले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पाण्यावाचून मनुष्य जगत नाही, हे उघड आहे. परंतु पाण्याच्या पंक्तीस हुक्क्याने का बसावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. चौपालावर एकाच हुक्क्याची नळी हातोहात फिरत असे. जिच्यासाठी हात पुढे होई आणि जी हाती दिली जाई, तो मनुष्य आपला. ज्यास टाळून ती पुढे सरके, तो परका. विडी, चिलीम आणि सिगारेट यांनीही हेच कार्य कमीअधिक प्रमाणात केलेले आहे. शेताच्या बांधावर, गिरणीच्या दरवाजाशी, रेल्वेच्या फलाटावर ‘काडी आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावर अनोळखी माणसांच्या ओळखी झाल्या आहेत. म्हणूनच धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्याचे पाऊल अडखळते तेव्हा त्यास केवळ तंबाखूची ओढच मागे खेचीत असते असे नाही. आपल्या माणसांच्या वर्तुळातून आपण बाहेर तर पडणार नाही ना, ही भीतीही त्यात मिसळलेली असते.

तंबाखू या देशात आली तीही संगतीनेच पसरली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस असद बेग नावाच्या अधिकाऱ्याने विजापुराहून तंबाखू व एक सुशोभित नळी नेऊन बादशहापुढे ठेवली. या अपरिचित वस्तूस दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. परंतु असद बेगने काही सरदारांस ती दिली, मग इतरांनी मागितली, आणि थोड्याच काळात व्यापारी तिची आयात करू लागले. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूस बंदी केली. तिचा उपयोग किती झाला, हे आजही कोणत्याही नाक्यावर उभे राहिल्यास दिसून येते.

तंबाखूतील जो पदार्थ मनुष्यास बांधून ठेवतो तो निकोटिन होय. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन या दोघांनी तो १८२८ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला. धुराबरोबर तो फुप्फुसांत शिरतो व तेथून रक्तावाटे अवघ्या १० ते २० सेकंदांत मेंदूस पोहोचतो. मेंदूतील ठराविक ग्राहकांवर तो बसला की डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि क्षणभर समाधान वाटते. परंतु सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. मन अस्वस्थ होते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. अशा वेळी दुसरी विडी पेटविली की अस्वस्थता शमते. ओढणारा म्हणतो, ‘विडीने डोके शांत होते.’ वस्तुतः विडीने जी तळमळ उत्पन्न केली तीच विडीने शमविलेली असते. नवीन जोडा मुद्दाम घट्ट घालावा आणि तो काढताना मिळणाऱ्या सुखासाठी जोड्याचे आभार मानावेत, तसाच हा प्रकार आहे. २०१४ मध्ये २६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा धूम्रपान सोडलेल्यांची चिंता व खिन्नता न सोडणाऱ्यांच्या तुलनेने कमी झालेली आढळली.

सोडण्याची इच्छा नसते असे मात्र नाही. २०१६-१७ मध्ये भारतात प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी मोठी पाहणी झाली तीत शेकडा १०.७ प्रौढ धूम्रपान करीत असल्याचे आढळले. सिगारेट ओढणाऱ्यांहून विडी ओढणारे संख्येने अधिक होते. या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपण ते सोडण्याच्या विचारात आहोत असे सांगितले. विचार आणि कृती यांच्यामधील ही जी दरी आहे, तिलाच येथे द्विधा मनःस्थिती म्हटले आहे. प्रोचास्का व डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये असे दाखविले की, व्यसन सोडणारा मनुष्य निरनिराळ्या अवस्थांतून जातो व ‘सोडावे की न सोडावे’ ही त्यांतील एक स्वाभाविक अवस्था आहे. तिच्यात सापडलेल्या माणसास दुर्बळ म्हणून हिणविणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे, आणि व्यवहारातही निष्फळ आहे.

या अवस्थेतील शंका क्षुल्लक नसतात. ‘सकाळची विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ ही तक्रार आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. ती निव्वळ सबब नव्हे. निकोटिन आतड्यांच्या हालचालींस उत्तेजन देते व ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठाचा त्रास होऊ शकतो. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि चालणे यांनी तो आटोक्यात राहतो. वजन वाढण्याची भीतीही साधार आहे; पहिल्या वर्षात सरासरीने चार-पाच किलो वजन वाढते, परंतु धूम्रपानाच्या अपायापुढे हा अपाय अगदी लहान आहे. कोणी म्हणतो, ‘एकदम कशाला? दिवसाला एकावर आणतो.’ येथे मात्र हिशेब फसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक परीक्षणानुसार रोज २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जो अधिकचा धोका ओढवतो, त्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा रोजच्या एकाच सिगारेटीने ओढवतो. ‘विडी पानाची, म्हणून निरुपद्रवी’ ही समजूतही अशीच टिकत नाही. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू ही तंबाखूच असते, आणि विडी विझू नये म्हणून अधिक वेळा व अधिक जोराने ओढावी लागते. विडी सोडून तंबाखू मळू लागणे किंवा मिश्री लावू लागणे म्हणजे तर केवळ घर बदलणे होय.

सर्वांत खोल शंका वयाची असते. ‘आता पन्नाशी उलटली; जे व्हायचे ते होऊन गेले.’ या शंकेस उत्तर देणारे संशोधन ब्रिटनमध्ये झाले. १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग व धूम्रपान यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. ते पुरावे हाती येत असतानाच डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. पुढे १९५१ पासून या दोघांनी ब्रिटनमधील सुमारे ४०,००० डॉक्टरांच्या सवयी व आयुर्मान यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांची फलिते २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. सिगारेट ओढत राहिलेले पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे १० वर्षे अगोदर मरण पावले. परंतु ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांची सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडली त्यांची ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडली त्यांची जवळजवळ सगळी १० वर्षे वाचली. पन्नाशीच्या माणसास सहा वर्षे म्हणजे धाकट्या मुलीचे लग्न, नातवाचे शाळेत जाणे, कर्जाचा शेवटचा हप्ता.

संगतीचा परिणाम मोजताही येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम या गावी हृदयविकाराचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे. त्यातील १२,०६७ व्यक्तींची १९७१ ते २००३ या काळातील माहिती घेऊन निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये तिचा निराळ्या दृष्टीने विचार केला : कोण कोणाचा मित्र, कोण कोणाचा भाऊ, आणि कोणी धूम्रपान केव्हा सोडले? पती किंवा पत्नी यांपैकी एकाने सोडल्यास दुसऱ्याने धूम्रपान करण्याचा संभव शेकडा ६७ ने घटला. मित्राने सोडल्यास शेकडा ३६ ने, लहान कार्यालयातील सहकाऱ्याने सोडल्यास शेकडा ३४ ने, आणि सख्ख्या भावंडाने सोडल्यास शेकडा २५ ने. माणसे सुटी सुटी नव्हे, तर घोळक्याने धूम्रपान सोडीत होती. जे ओढत राहिले ते हळूहळू समाजाच्या कडेला ढकलले गेले. हुक्क्याच्या गोष्टीचे हे दुसरे टोक म्हणावयास हरकत नाही.

याच राज्यातील रँडॉल्फ गावी १९७० मध्ये आर्थर मुलेनी या शालेय मार्गदर्शकाने गावकऱ्यांस एक साधी विनंती केली : एक दिवस सिगारेट ओढू नका आणि वाचलेले पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीस द्या. १९७४ मध्ये मिनेसोटा राज्यातील माँटिसेलो गावी लिन स्मिथ या वृत्तपत्र-संपादकाने सर्व गावासाठी असाच एक दिवस नेमला. १९७६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात ही कल्पना राज्यभर राबविली गेली व सुमारे दहा लक्ष लोकांनी त्या दिवशी सिगारेट बाजूस ठेवली. आयुष्यभराचा निश्चय करताना ज्याचे मन कचरते, तो शेजाऱ्यासह एक दिवस काढण्यास सहज तयार होतो. या योजनेचे सारे मर्म एवढेच आहे.

तथापि सोबत म्हणजे रामबाण औषध नव्हे. लंडन येथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांच्या जोड्या लावून देण्यात आल्या. चार आठवड्यांच्या अखेरीस जोडीने प्रयत्न करणाऱ्यांपैकी शेकडा २७, तर एकट्याने करणाऱ्यांपैकी शेकडा १२ जण धूम्रपानापासून दूर राहिलेले होते. अनेक प्रयोगांचा मेळ घातला असता, केवळ पुस्तिका वाचून प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा गटात बसून मार्गदर्शन घेणाऱ्यांचे यश जवळजवळ दुप्पट आढळते. केरळातील खेड्यांत गटाने समुपदेशन केले असता असाच अनुभव आला. परंतु घरच्या माणसास ‘साहाय्य कसे करावे’ हे शिकवून फळ मिळते काय, हे पाहण्यासाठी केलेल्या प्रयोगांतून ठोस लाभ सिद्ध झालेला नाही. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. घरच्या साहाय्यात प्रेमाबरोबर टोचणी येते : ‘पुन्हा वास येतो आहे तुमच्या सदऱ्याला!’ जो स्वतः त्याच वाटेने चालला आहे त्याच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही. आला वास तरी तो विचारतो, ‘कोणत्या वेळी राहवले नाही?’

हे प्रत्यक्षात कसे घडते, याची कल्पना करून पाहावी. परळ असो, जमालपूर असो की पेरांबूर. रेल्वेच्या एखाद्या कारखान्यातील पाच सोबती घ्या. दहाच्या चहाला पाचही जण एकत्र विडी ओढणारे. त्यांपैकी एकाच्या छातीत दुखते व डॉक्टर त्यास धूम्रपान बंद करावयास सांगतात. तो एकटाच थांबला तर चहाच्या सुट्टीत त्याने जावे कोठे? सोबत्यांजवळ बसावे तर धूर, दूर बसावे तर एकटेपणा. पाचांपैकी तिघे जरी ‘पुढच्या पगाराच्या दिवसापासून आपणही’ असे म्हणाले, तरी चहाच्या सुट्टीचे स्वरूपच पालटते. ते दिवस ठरवितात; आदल्या रात्री उरलेल्या विड्या व आगपेट्या टाकून देतात; चहाची जागा बदलतात, कारण ठराविक बाक व ठराविक भिंत यांनीही ओढ जागी होते. खिशात शेंगदाणे व बडीशेप ठेवतात. ज्यास तल्लफ अनावर होते त्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा गम मिळतो. तल्लफेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ कोणी बोलत बसले तरी पुरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, आणि पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत त्रास पुष्कळसा निवळतो.

त्यांपैकी एक जण दहाव्या दिवशी लग्नाच्या वरातीत विडी ओढून येतो, असेही समजा. दुसऱ्या दिवशी तो चहाला येतच नाही. येथे गटाची खरी परीक्षा होते. धूम्रपान कायमचे सोडलेल्या बहुतेकांनी पूर्वी एकदा तरी, आणि पुष्कळांनी अनेकदा, हार खाल्लेली असते. घसरलेला मनुष्य बुडालेला नसतो. लाजेने तो दूर राहिला तर मात्र एका विडीची दहा होण्यास वेळ लागत नाही. म्हणून चौघांतील कोणी तरी त्याच्या यंत्राशी जाऊन ‘चहा निवतो आहे, चला दादा,’ एवढेच म्हणणे इष्ट असते. विडीची गोष्ट तो स्वतःच काढील.

ज्यास असे सोबती नाहीत, ट्रकवर एकटा असणारा चालक, रात्रपाळीचा पहारेकरी, किंवा लोकलज्जेस्तव चोरून ओढणारी स्त्री, त्यांच्यासाठी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेत २०१६ च्या मे महिन्यात राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरविण्यास साहाय्य करतात व पुढे स्वतः दूरध्वनी करून विचारपूस करतात. यासाठी पैसे पडत नाहीत. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ हा १ सप्टेंबर २०१८ पासून विडी-सिगारेटच्या पाकिटांवरच छापला जातो.